गाळणे सोपे, परत घेणे अवघड

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्ण एकाच पद्धतीने दगावू लागले. ज्या आजारासाठी ते दाखल झाले होते, त्या आजाराने त्यांचा अंत झाला नाही. त्यांची लघवी कमी होत गेली, मग बंद पडली. रक्तात युरिया साठत गेला आणि मृत्यू आला. अशा चौदा जणांचे प्राण गेले. या सर्वांना मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी तोंडावाटे ग्लिसरॉल दिले होते. ग्लिसरॉल हे जुने आणि निरुपद्रवी औषध. परंतु रुग्णालयात पोचलेले ग्लिसरॉल औषधी दर्जाचे नव्हते, कारखान्यांत वापरतात तसले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे दुसरे रसायन मिसळलेले होते. दिसायला तसेच दाट, चवीला तसेच गोड, पण मूत्रपिंडासाठी जहाल विष.

या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. औषध खरेदी करणारे, ते तपासणारे आणि या सर्वांवर नजर ठेवणारे, अशा प्रत्येक पायरीवरचे दोष आयोगाने उघड केले. १९८८ मध्ये अहवाल जाहीर झाल्यावर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. हा झाला प्रशासनाचा भाग. विज्ञान शिकवणाऱ्यासमोर या घटनेने आणखी एक कोडे ठेवले आहे.

आपण वर्गात सांगतो, की मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी. पाठ्यपुस्तकात केशवाहिन्यांचा एक गुच्छ दाखवलेला असतो आणि रक्त गाळण्याचे काम तोच करतो. डायएथिलीन ग्लायकॉल या गुच्छावर मुख्य घाव घालतच नाही. त्याचा घाव बसतो गुच्छाच्या पुढच्या बारीक नलिकेवर. चाळणी जवळजवळ शाबूत असताना लघवी का थांबावी? या प्रश्नाचे उत्तर चाळणीच्या उपमेत सापडत नाही. ते शोधण्यासाठी मूत्रपिंडाच्या अभ्यासाचा इतिहासच पाहावा लागतो. तो इतिहास म्हणजे चाळणीच्या कल्पनेशी तीनशे वर्षे चाललेला वाद आहे.

घडा आणि गाठ

लघवी शरीरात कुठे तयार होते हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या विवेचनात त्यावर एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. मातीचा नवा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला, तर त्याच्या तोंडातून पाणी आत न शिरताही तो बाजूंनी झिरपून भरतो. मूत्राशय तसाच भरतो, असे तेथे म्हटले आहे. आतड्यांकडून येणाऱ्या असंख्य सूक्ष्म नाड्या मूत्राशयात पाणी आणून सोडतात, ही त्यामागची कल्पना. यात मूत्रपिंडाला काही काम नाही, म्हणून शरीररचनेच्या दृष्टीने ही कल्पना चुकीची आहे. पण अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते ही तिच्यातली अर्धी गोष्ट पुढे खरी ठरली.

मूत्रपिंडाचे काम प्रयोगाने दाखवले ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातील वैद्य गॅलन यांनी. लघवीचा मूत्रपिंडाशी संबंध नाही असे मानणारे वैद्य त्या काळीही होते. गॅलन यांनी जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्यांना गाठ मारली. मूत्राशय रिकामा राहिला आणि गाठीच्या वरचा भाग फुगला. गाठ सोडताच मूत्राशय भरू लागला. लघवी मूत्रपिंडातच तयार होते, हे सिद्ध करायला एवढे पुरेसे होते. मात्र मूत्रपिंड ती कशी तयार करते, हे कळायला सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

नळ्या आणि झाडाची सफरचंदे

१६६२ मध्ये इटलीतील लोरेन्झो बेलिनी या तरुणाने मूत्रपिंडाच्या रचनेवर एक पुस्तिका लिहिली. तेव्हा त्याचे वय १९ वर्षांचे होते. मूत्रपिंड हा मांसाचा भरीव गोळा आहे, अशी तोवरची समजूत होती. बेलिनीने ते कापून दाबले, तेव्हा त्याला असंख्य बारीक नळ्यांच्या तोंडांतून खारट पाणी पाझरताना दिसले. चार वर्षांनी, १६६६ मध्ये, मार्चेल्लो माल्पिघी यांनी मूत्रपिंडाच्या धमनीतून मद्यार्कात कालवलेला काळा रंग सोडला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना लगडलेले काळे ठिपके दिसले. झाडाला सफरचंदे लागावीत तसे ते दिसतात, असे त्यांनी लिहून ठेवले.

आता एका बाजूला नळ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सफरचंदे. दोन्हींचा संबंध असावा असे माल्पिघी यांना वाटत होते, पण तो जोड त्यांना दाखवता आला नाही. पुढची पावणेदोनशे वर्षे हा प्रश्न तसाच राहिला.

एकाच वर्षी जन्मलेले दोघे

१८४२ मध्ये तो सुटला, आणि त्याच वर्षी नवा वाद सुरू झाला. लंडनमध्ये विल्यम बोमन यांनी रक्तवाहिन्यांत रंगीत द्राव भरून दाखवले, की प्रत्येक गुच्छाभोवती एक पातळ पिशवी असते आणि तीच पुढे नलिका होते. पाठ्यपुस्तकातला ‘बोमन संपुट’ तो हाच. रचना अचूक सापडली. कार्याबद्दल मात्र बोमन यांनी निराळा अंदाज केला. गुच्छातून फक्त पाणी येते, युरियासारखे पदार्थ नलिकेच्या पेशी रक्तातून घेऊन त्या पाण्यात टाकतात आणि पाणी त्यांना धुऊन पुढे नेते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमारास जर्मनीत मारबुर्ग येथे कार्ल लुडविग यांनी उलट विचार मांडला. तेही बोमन यांच्याप्रमाणे १८१६ सालीच जन्मलेले. हृदयाने दिलेल्या दाबामुळे गुच्छातून रक्तातले पाणी आणि त्यात विरघळलेले सर्व लहान रेणू बाहेर पडतात. मागे राहतात ते रक्तपेशी आणि प्रथिने, असे ते म्हणाले. मग बाहेर आलेला पातळ द्राव नलिकेतून जाताना त्यातले बरेचसे पाणी रक्तात परत जाते आणि उरते ती लघवी. लुडविग यांना पेशींची कोणतीही गूढ ‘जीवनशक्ती’ नको होती. दाब, गाळण आणि विसरण या भौतिकशास्त्रातल्या गोष्टींवरच सारे समजावता यावे, असा त्यांचा आग्रह होता.

वाद नेमका काय होता ते विद्यार्थ्यांना असे सांगता येईल. घर झाडायचे आहे. बोमन यांच्या मते मूत्रपिंड घरातला कचरा शोधून वेचते आणि बाहेर टाकते. लुडविग यांच्या मते ते घरातले सगळे सामान अंगणात आणून ठेवते, हवे ते आत नेते आणि उरलेले तसेच सोडते. पहिली पद्धत शहाणपणाची वाटते, दुसरी वेडेपणाची.

अशक्य ठरवलेला आकडा

या वेडेपणावरच ब्रेस्लाऊ येथील रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी बोट ठेवले. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे. १८७४ मध्ये त्यांनी प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला. लघवीचा प्रवाह जवळजवळ थांबवला असतानाही तो रंग नलिकेच्या पेशींत आणि पोकळीत आढळला, गुच्छात मात्र नव्हता. म्हणजे नलिकेच्या पेशी रक्तातून काही पदार्थ उचलून लघवीत टाकतात, ही बोमन यांची कल्पना निदान काही पदार्थांच्या बाबतीत खरी होती.

त्यानंतर हायडेनहाइन यांनी एक साधे गणित मांडले. ते कोणत्याही शाळेच्या फळ्यावर मांडता येईल. माणूस दिवसाला सुमारे ३५ ग्रॅम युरिया बाहेर टाकतो. रक्तात युरिया असतो साधारण ०.०५ टक्के, म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम. हा सगळा युरिया गाळूनच येत असेल, तर दिवसाला किती द्राव गाळावा लागेल? ३५ भागिले अर्धा, म्हणजे ७० लिटर. लघवी होते दीड-दोन लिटर. तेव्हा उरलेले ६८ लिटर पाणी रोज परत घ्यावे लागेल. माणसाचे वजनही जवळपास तेवढेच असते. ही गोष्ट त्यांना इतकी अविश्वसनीय वाटली, की लुडविग यांची कल्पना त्यांनी बाजूला सारली आणि त्या काळातल्या पुष्कळ शरीरशास्त्रज्ञांना ते पटले.

गणित बरोबर होते आणि तर्कही सरळ होता. फक्त, अशक्य म्हणून टाकून दिलेला तो आकडा खऱ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

बेडकाच्या मूत्रपिंडातली सुई

वाद तर्काने मिटेना, तेव्हा तो मोजमापाने मिटवावा लागला. गुच्छातून बाहेर पडणारा द्राव तिथल्या तिथे पकडायचा आणि त्यात काय आहे ते पाहायचे, हाच मार्ग होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्फ्रेड रिचर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत जोसेफ वेर्न यांनी हे करून दाखवले. बेडकाच्या मूत्रपिंडाचे गुच्छ तुलनेने मोठे आणि पृष्ठभागाजवळ असतात. काचेची नळी तापवून, ताणून तिचे टोक केसाहून बारीक करायचे, ते सूक्ष्मदर्शकाखाली एका संपुटात खुपसायचे आणि द्रावाचा कणभर थेंब ओढून घ्यायचा, असे ते काम होते. एवढ्याशा थेंबाचे रासायनिक परीक्षण करण्याच्या रीतीही त्यांनाच शोधाव्या लागल्या.

१९२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. संपुटातल्या थेंबात प्रथिने नव्हती, पण साखर होती आणि क्लोराइडही होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर आणि क्लोराइड सापडत नव्हते. याचा अर्थ एकच होऊ शकत होता. साखर आणि मीठ आधी खरोखर बाहेर टाकले जातात आणि नलिकेच्या वाटेवर परत घेतले जातात. सगळे सामान अंगणात येते, हे आता सुईच्या टोकावर दिसले.

किती सामान येते, हे मोजायचे राहिले होते. त्यासाठी असा पदार्थ हवा होता, जो गुच्छातून मुक्तपणे गळेल, पण ज्याला नलिका परतही घेणार नाही आणि त्यात भरही घालणार नाही. मग दिवसभरात लघवीतून गेलेला तो पदार्थ मोजला आणि रक्तातील त्याच्या प्रमाणाने भागले, की गाळलेल्या द्रावाचे माप मिळते. हायडेनहाइन यांचेच गणित, फक्त पदार्थ योग्य निवडलेला. कोपनहेगनमध्ये ब्रांट रेबेर्ग यांनी १९२६ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून क्रिएटिनीन वापरून हे मोजले. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ यांनी आणि फिलाडेल्फियात रिचर्ड्स यांच्या गटाने इन्युलिन हा पदार्थ निवडला. डेलियाच्या कंदात असते ते हे पिष्टमय द्रव्य.

निरोगी प्रौढ माणसासाठी उत्तर आले मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर.

फळ्यावरचे हिशेब

हा आकडा विद्यार्थ्यांपुढे नुसता ठेवू नये. त्यांच्याकडूनच त्याचे हिशेब करवून घ्यावेत. मिनिटाला १२५ मिलिलिटर म्हणजे दिवसाला १८० लिटर. पाण्याचे वीस लिटरचे नऊ जार. लघवी दीड लिटर धरली, तर १७८ लिटरहून अधिक पाणी परत घेतले जाते. रक्तातील द्रवभाग सुमारे तीन लिटर असतो. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो.

पाण्यापेक्षा मिठाचा हिशेब जास्त बोलका आहे. गाळलेल्या १८० लिटरमधला सोडियम खाण्याच्या मिठाच्या रूपात मोजला, तर तो जवळजवळ दीड किलो भरतो. आपण दिवसाला खातो दहा-बारा ग्रॅम मीठ. म्हणजे किराणा दुकानातल्या दीड पुड्याएवढे मीठ रोज बाहेर पडते आणि काही ग्रॅम वगळता सगळे परत घेतले जाते. साखरेचेही तसेच. रोज सुमारे १६० ते १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि निरोगी माणसाच्या लघवीत त्यातले जवळजवळ काहीच येत नाही. मधुमेहात रक्तातील साखर खूप वाढली, की नलिकेची परत घेण्याची क्षमता अपुरी पडते आणि साखर लघवीत उतरते. चाळणी फाटली म्हणून साखर येते, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा गैरसमज इथे दूर करता येतो.

युरियाचा हिशेब करताना हायडेनहाइन यांचे गणित पुन्हा मांडावे. रक्तातील युरिया लिटरमागे ०.३ ग्रॅम धरला, तर १८० लिटरमध्ये ५४ ग्रॅम येतो. लघवीत त्याच्या सुमारे निम्मा सापडतो. म्हणजे ज्याला आपण निव्वळ टाकाऊ म्हणतो, त्यातलाही अर्धा परत आत जातो.

परत घेण्याचे कष्ट

गाळण्यासाठी मूत्रपिंडाला वेगळे कष्ट पडत नाहीत. तो दाब हृदय पुरवते. परत घेण्यासाठी मात्र नलिकेच्या पेशींना राबावे लागते. त्या रक्ताच्या बाजूला सोडियम सतत उपसत राहतात. सोडियमच्या ओढीने साखर, अमिनो आम्ले आणि पाणी आत येते. संपुटाला लागून असलेला नलिकेचा पहिला वळणदार भाग गाळलेल्या पाण्याचा आणि मिठाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा एकट्यानेच परत घेतो. त्याच्या पेशींत मायटोकाँड्रियांची दाटी असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काच भरतात, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग त्यांच्याकडे जातो आणि शरीर वापरते त्यातला सात ते दहा टक्के प्राणवायू त्यांना लागतो. त्याचा मोठा वाटा सोडियम उपसण्यात खर्च होतो.

बोमन आणि हायडेनहाइन पूर्णपणे हरले असेही नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत एली मार्शल यांनी नलिका रंगद्रव्ये खरोखर लघवीत सोडते हे दाखवले आणि ज्यांच्या मूत्रपिंडात गुच्छच नाहीत अशा समुद्री माशांचा अभ्यास केला. चाळणीच नसलेले ते मासेही लघवी तयार करतात. माणसात नलिका याच मार्गाने अनेक औषधे बाहेर काढते. १९४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला दिलेले पेनिसिलिन इतक्या वेगाने लघवीत उतरत होते, की ते लघवीतून पुन्हा काढून त्याच रुग्णाला द्यावे लागले.

परत घेण्याचे शेवटचे काम म्हणजे पाण्याची काटकसर. मे महिन्याच्या दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकात रिक्षाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाचा घाम सुकत असतो. त्याच्या रक्तातले पाणी थोडे कमी होताच मेंदूतील पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांत पाण्याच्या वाटा उघडते. त्याची लघवी थोडी आणि गडद होते. तोच माणूस उसाच्या रसाच्या गाड्यावर दोन-तीन ग्लास पिऊन सावलीत बसला, तर तासाभरात लघवी भरपूर आणि फिकी होते.

पण वाटा उघडल्या तरी पाणी बाहेर ओढायचे कोणी? १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे विर्त्स, हार्गिताय आणि कून यांनी याचे उत्तर दिले. त्यांनी उंदराचे मूत्रपिंड गोठवले, त्याचे पातळ काप घेतले आणि कोणत्या भागातला बर्फ आधी वितळतो ते पाहिले. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात मीठ का घालतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हा प्रयोग लगेच समजेल. खारट बर्फ कमी तापमानाला वितळतो. मूत्रपिंडाच्या कडेपासून गाभ्याकडे जावे तसा बर्फ अधिकाधिक खारट होत गेला. नलिकेचा केसपिनेसारखा वळलेला भाग मीठ उपसून गाभ्यात साठवतो. माणसात हा गाभा रक्ताच्या चौपट संहत होऊ शकतो आणि त्यातून जाणाऱ्या शेवटच्या नळ्यांतले पाणी तो ओढून घेतो. पाण्याच्या वाटा म्हणजे पेशीच्या पटलातली विशिष्ट प्रथिने असतात, हे १९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांनी दाखवले. त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चाळणी शाबूत, तरी लघवी बंद

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. डायएथिलीन ग्लायकॉल शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होते. तयार होणाऱ्या पदार्थांपैकी डायग्लायकोलिक आम्ल नलिकेच्या पहिल्या भागातल्या पेशींत साठते आणि त्यांच्या ऊर्जानिर्मितीवरच आघात करते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. सर्वांत जास्त राबणाऱ्या आणि ऊर्जेवर सर्वांत जास्त अवलंबून असणाऱ्या पेशीच मरतात. मेलेल्या पेशी गळून नलिका तुंबवतात. खरवडलेल्या भिंतीतून गाळलेला द्राव मागच्या मागे रक्तात मुरतो.

याखेरीज एक तिसरे कारण आहे आणि विचार करायला लावणारे तेच आहे. प्रत्येक नलिका वळून आपल्याच गुच्छापाशी परत येते. तेथे मीठ नेहमीपेक्षा जास्त पोचले, म्हणजे अलीकडे परत घेण्याचे काम नीट झाले नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग गुच्छाकडे येणारी रक्तवाहिनी आकसते आणि गाळणे कमी होते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ क्लाउस थुराऊ आणि त्यांचे सहकारी जॉन बॉयलन यांनी १९७६ मध्ये याचे मर्म सांगितले. लघवी बंद होणे हे मूत्रपिंडाचे अपयश दिसत असले, तरी शरीराच्या दृष्टीने तो बचाव आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विद्यार्थ्यांकडून इथेही एक भागाकार करून घ्यावा. नलिका मेली आणि चाळणी पूर्ण वेगाने चालूच राहिली, तर तीन लिटर रक्तद्रव मिनिटाला १२५ मिलिलिटरप्रमाणे किती वेळात निघून जाईल? उत्तर येते २४ मिनिटे. माणूस अर्ध्या तासाच्या आत कोरडा पडेल. त्यापेक्षा चाळणी बंद करणे शहाणपणाचे. त्यामुळे विष साठते, पण ते मारायला काही दिवस घेते आणि तेवढ्यात उपचाराला वेळ मिळतो.

त्या वेळात कामाला येते ते डायलिसिसचे यंत्र. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन या गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या आवरणाची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून असे यंत्र बनवले. १९४५ मध्ये त्याने पहिला रुग्ण वाचला. मूत्रपिंड नुसती चाळणी असते तर कसे असते, हे पाहायचे असेल तर हे यंत्र पाहावे. त्यात गाळण आहे, नलिका नाही. परत घेण्याचे काम त्याला जमत नाही, म्हणून पडद्यापलीकडच्या द्रावात योग्य तेवढे क्षार आधीच विरघळवून ठेवावे लागतात, म्हणजे रक्तातले क्षार बाहेर जातच नाहीत. पाणी आणि मीठ यांची रोजची जुळणी मग रुग्णाला स्वतःच्या ताटात आणि पेल्यात करावी लागते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाला मोजून पाणी का प्यावे लागते, याचे कारण हे आहे.

पुन्हा पुन्हा तेच विष

जे. जे. मधली घटना पहिली नव्हती. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचे गोड पातळ मिश्रण याच रसायनात तयार केले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यात बरीच मुले होती. विकण्यापूर्वी औषध सुरक्षित असल्याचे दाखवलेच पाहिजे, असा कायदा तिथे १९३८ मध्ये झाला तो यामुळे. जे. जे. मधली घटना शेवटचीही ठरली नाही. १९९८ मध्ये गुडगाव येथे खोकल्याच्या औषधाने ३३ मुले गेली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या मुलांची लघवी बंद पडू लागली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. वीसहून अधिक मुले वाचली नाहीत. औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये. त्या बाटल्यांत ते चाळीस टक्क्यांहून अधिक होते.

हे रसायन ओळखायला फार महागडी यंत्रे लागतात असे नाही. प्राथमिक तपासणीसाठी वापरली जाणारी पातळ थराची वर्णलेखन पद्धत ही आपण टीपकागदावर शाईचा ठिपका ठेवून त्यातले रंग वेगळे करतो, त्याच तत्त्वावर चालते. आठवी-नववीच्या वर्गात तो प्रयोग करताना ‘याचा उपयोग काय’ असे एखादा विद्यार्थी विचारतो. त्याला या मुलांची हकिकत सांगावी.

मूत्रपिंडाचा पाठ शिकवताना आणखी एक प्रत्यक्ष गोष्ट करता येईल. मटणाच्या दुकानात गुर्दा म्हणून मिळते ते बकऱ्याचे मूत्रपिंड आणून ते उभे कापावे. बाहेरचा तांबूस दाणेदार थर आणि आतला रेघारेघांचा गाभा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माल्पिघींची सफरचंदे बाहेरच्या थरात असतात. आतल्या रेघा म्हणजे नळ्या आणि बारीक रक्तवाहिन्या. माणसाच्या एका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख गुच्छ आणि त्यांच्या नलिका असतात. मग विद्यार्थ्यांना विचारावे, की या सगळ्यांत जागा जास्त कोणाची, गाळणाऱ्या गुच्छांची की परत घेणाऱ्या नळ्यांची? कापलेल्या गुर्द्याकडे पाहून त्यांचे त्यांनाच उत्तर देता येईल. फळ्यावर मूत्रपिंडाच्या आकृतीखाली ‘चाळणी’ हा शब्द लिहायचाच असेल, तर त्याच्यापुढे ‘आणि परत घेणारी’ एवढे तरी जोडावे.